पोस्त, मामूल आणि वीस रुपयांचं बटण

दसरा तोंडावर आला की हैदराबादच्या गल्ल्यांमध्ये 'दसरा मामूलु, अम्मा' ही हाक सुरू होते. कचरा नेणारा, झाडूवाली, वीज कंपनीचा लाइनमन, पोस्टमन, वॉचमन असे सगळे हजेरी लावून जातात. ऐपतीप्रमाणे कुणी पन्नास देतं, कुणी दोनशे. पुण्या-मुंबईत हेच दिवाळीत होतं आणि त्याला पोस्त म्हणतात. काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या खिशाला मात्र दोनदा हात लागतो. दसऱ्याला तेलुगू रीतीने मामूल, दिवाळीला मराठी रीतीने पोस्त, आणि मोहल्ल्यातल्या पोरांची ईदी वेगळीच.

या देण्याघेण्याला एक शिस्त होती. दिवस ठरलेला असे. देणारा आणि घेणारा एकमेकांना वर्षभर पाहत असत. मुख्य म्हणजे मामूल हा पगार आहे असा समज दोघांपैकी कुणाचाही नसे. लाइनमनचा पगार वीज कंपनी देई, पोस्टमनचा टपाल खातं. सणाचे पैसे त्यावरचे. ते कमी मिळाले तर तो चार घरं पुढे जाऊन कुरकुर करी, पण त्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून नसे.

गेल्या दहा वर्षांत दारात एक नवा माणूस येऊ लागला. त्याला सण नाही, वार नाही. गच्चीबावली, कोंडापूर, मणिकोंडा, मियापूर इथल्या उंच इमारतींमध्ये तो दिवसातून चारदा येतो आणि चारही वेळा वेगळा असतो. कोथिंबिरीची जुडी, दुधाची पिशवी, बिर्याणी, मोबाइलचा चार्जर असं काहीही घेऊन येतो. त्यातला कुणी जुन्या शहरातला असतो, कुणी करीमनगर-महबूबनगरचा, कुणी ओडिशाचा, तर कुणी नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडचा. आपण घरात मराठी बोलताना ऐकलं की हा शेवटचा हळूच 'काका' म्हणतो. त्याच्यासाठी पोस्त मागायला मोबाइलचा पडदा येतो. पैसे भरण्याआधी वीस, तीस, पन्नास अशी बटणं दिसतात आणि खाली एक गोड वाक्य. दाबायचं की नाही?

प्रश्न वीस रुपयांचा आहे, म्हणून क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: या माणसाचं पोट कुणाच्या जबाबदारीवर चालायचं?

टिपेचा खरा आकडा

२०२५ सरता सरता, २५ आणि ३१ डिसेंबरला, देशभरातल्या अ‍ॅपवरच्या कामगारांनी काम बंद ठेवण्याची हाक दिली. या हाकेमागे हैदराबाद ठळकपणे होतं. स्वतः कॅबचालक राहिलेले शेख सलाउद्दीन हे तेलंगणा गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियनचे अध्यक्ष आणि देशपातळीवरच्या महासंघाचे सरचिटणीस. दहा मिनिटांत घरपोच हा प्रकार बंद करा, दर पूर्ववत करा, विनाचौकशी आयडी ब्लॉक करणं थांबवा, अशा मागण्या होत्या. ३१ तारखेच्या संध्याकाळी रायडर लॉगिन करावेत म्हणून कंपन्यांनी इन्सेंटिव्ह वाढवले. झोमॅटोने गर्दीच्या तासांत ऑर्डरमागे १२० ते १५० रुपये देऊ केल्याच्या बातम्या आल्या. एरवी ज्या कामाचा दर वाढवणं परवडत नसतं, ते एका रात्रीपुरतं परवडलं.

त्यानंतर जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला झोमॅटो आणि ब्लिंकिट चालवणाऱ्या इटर्नल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी समाजमाध्यमावर आपली बाजू आकड्यांनिशी मांडली. २०२५ मध्ये झोमॅटोच्या रायडरची तासाची सरासरी कमाई, टिप सोडून, १०२ रुपये. रोज दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस काम केलं तर साधारण साडेसव्वीस हजार. पेट्रोल आणि देखभालीचे वीस टक्के वजा जाता एकवीस हजार हातात. संघटनांना हा हिशेब मान्य नव्हता. पण त्याच मांडणीत टिपेचाही आकडा होता आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. झोमॅटोवर सुमारे ५ टक्के ऑर्डरींवर टिप मिळते, किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटवर अडीच टक्के. टिपेची तासाची सरासरी २ रुपये ६० पैसे.

गोयल यांचेच तास धरून गुणाकार केला तर दहा तास रोज, सव्वीस दिवस राबणाऱ्याला महिन्याकाठी टिपेचे पावणेसातशे रुपये मिळतात. स्कूटरचं एक किरकोळ दुरुस्तीचं बिल. टिप द्यावी की नाही यावर आपण जेवढा वेळ वाद घालतो, त्या मानाने ही रक्कम फारच लहान आहे.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरवर २ रुपये 'प्लॅटफॉर्म फी' सुरू केली. सप्टेंबर २०२५ पर्यंत ती १२ रुपयांवर गेली. स्विगीचा प्रवासही त्याच वाटेने झाला. रायडर तासाला दोनच ऑर्डरी पोचवतो असं धरलं, तरी त्या तासात कंपनीच्या खात्यात या एका सदराखाली चोवीस रुपये जमा होतात आणि टिप म्हणून त्याच्या खात्यात अडीच. एक रक्कम सक्तीची आहे, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. दुसरी ऐच्छिक आहे आणि तिच्यासमोर हात जोडलेलं चित्र आहे.

'डिलिव्हरी चार्ज दिला, हँडलिंग चार्ज दिला, पावसाचा जादा आकार दिला. आता आणखी टिप कशाला?' असं म्हणणाऱ्या ग्राहकाला कंजूष ठरवण्याची घाई करू नये. त्याने पैसे खरोखरच दिलेले असतात. त्यातले रायडरपर्यंत किती पोचले, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

किंग कोठीची सायकल

जून २०२१. लॉकडाउनचे दिवस. किंग कोठीतल्या एका रहिवाशाने रात्री चहा मागवला. ऑर्डर घेऊन आलेला तरुण पावसात भिजलेला होता आणि सायकलवर होता. नऊ किलोमीटर अंतर त्याने वीसेक मिनिटांत कापलं होतं. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. ग्राहकाने त्याची हकिकत खवय्यांच्या एका फेसबुक गटावर लिहिली आणि काही तासांत ७३ हजारांच्या वर रक्कम जमली. त्यातून त्याला टीव्हीएसची मोपेड घेऊन दिली.

हैदराबादी माणसाच्या दिलदारपणाचा हा उत्तम दाखला आहे आणि त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्या मुलाचे पाय वाचले. पण त्याच महिन्यात हैदराबादेत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. सायकलवरून मोपेडवर गेलेल्या माणसाला त्या दिवसापासून पेट्रोलचा खर्च सुरू झाला आणि तो भरून देणारा दर काही वाढला नाही. शिवाय गावात सायकलवर ऑर्डरी पोचवणारा तो एकटा नव्हता. ज्याचा फोटो निघाला त्याला गाडी मिळाली.

याच्या उलट टोकाची घटना दीड वर्षाने घडली. जानेवारी २०२३ मध्ये बंजारा हिल्समधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्विगीचं पार्सल द्यायला गेलेल्या २३ वर्षांच्या तरुणावर ग्राहकाचा जर्मन शेफर्ड धावून गेला. जीव वाचवायला त्याने उडी मारली आणि काही दिवसांनी रुग्णालयात तो गेला. अपघात झाला तर उपचार कुणी करायचे, घरच्यांना भरपाई कुणी द्यायची, कामगार म्हणून तो कुणाचा, हे सगळे प्रश्न संघटनेने त्या वेळी रस्त्यावर आणले. अशा प्रसंगी वर्गणी जमू शकते, पण वर्गणीवर कुणाला दावा सांगता येत नाही.

मर्जीची दुसरी बाजू

ग्राहकाच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट ग्राहकाच्या मर्जीसारखीच वागते. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादच्या एका ग्राहकाने स्विगीवर ऑर्डर देताना सूचनांच्या रकान्यात लिहिलं की मुसलमान डिलिव्हरीवाला नको. सलाउद्दीन यांनी तो स्क्रीनशॉट जाहीर केला आणि देशभर चर्चा झाली. त्याआधी २०१९ मध्येही शहरात एका ग्राहकाने केवळ आणणारा मुसलमान म्हणून जेवण परत पाठवलं होतं आणि प्रकरण पोलिसांत गेलं होतं. जिथे निम्मी चव दख्खनी मुसलमानांच्या भटारखान्यातून आली, त्या शहरात हे घडलं.

या ग्राहकाचा आणि पन्नास रुपये टिप देणाऱ्या ग्राहकाचा संबंध काय, असं कुणी विचारेल. दोघांच्या हातातला अधिकार एकच आहे. समोरच्या माणसाचा चेहरा, नाव, बोलणं पाहून त्याला काय द्यायचं ते ठरवण्याचा. सज्जन माणूस तो सज्जनपणे वापरतो, एवढंच. अमेरिकेत न्यू हेवन शहरातल्या टॅक्सींचा अभ्यास इयान एअर्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. काळ्या चालकांना गोऱ्यांपेक्षा बरीच कमी टिप मिळत होती. टिप देणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असतं तर आपण रंग पाहिला असं कुणीच कबूल केलं नसतं. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर आडनावांचा तक्ता कसा दिसेल, याची कल्पना मराठी वाचकाला द्यायला नको.

देण्याची दिशाही नेहमी वरून खाली असते असं नाही. याच शहराने ती उलटी पाहिली आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात दरबारात, सणावाराला, हुजुरांपुढे जाणारा माणूस नजर घेऊन जाई. अशर्फी आणि रुपये तळहातावर ठेवून पुढे करायचे, आणि हे निजाम ते खरोखर उचलून घेत म्हणून प्रसिद्ध होते. जगातल्या धनाढ्यांत गणना होणाऱ्या माणसाला लोक पैसे देत, कारण पुढचं सगळं त्याच्या मर्जीवर असे.

मे २०२५ मध्ये हाच प्रकार नव्या वेषात आला. उबरने गाडी मिळण्याआधीच टिप देऊ करण्याची सोय ठेवली होती. आधी टिप कबूल केली तर गाडी लवकर मिळेल असा तिचा सूर होता. केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी ही पद्धत अनैतिक असल्याचं म्हटलं आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने वाहतूक अ‍ॅपच्या नियमावलीत दुरुस्ती केली: टिपेचा पर्याय प्रवास संपल्यावरच दिसावा आणि पूर्ण रक्कम चालकालाच मिळावी. काम होण्याआधी दिलेले पैसे कामाबद्दलचे नसतात. ती बोली असते, आणि ज्याला बोली परवडत नाही तो ऑफिसच्या वेळी पावसात उभा राहतो.

अमेरिकेच्या चुका

टिपेचं काय होतं हे पाहायचं तर अमेरिकेकडे पाहावं, कारण तिथे हा प्रयोग दीडशे वर्षं चालला आहे. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने आपल्या आगगाड्यांच्या शयनयानांमध्ये मुक्त झालेले काळे पुरुष पोर्टर म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. पोर्टरने हसत राहायचं, झोप मोडून बूट पुसायचे, आणि कंपनीची वेतनाची जबाबदारी प्रवाशांनी उचलायची. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली. कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडलं.

त्या मानसिकतेचं कायद्यातलं रूप आजही जिवंत आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं संघराज्य पातळीवरचं किमान रोख वेतन ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. उरलेलं टिपेतून भरून निघेल असं गृहीत आहे. न निघाल्यास मालकाने भरायचं, असं कागदावर आहे.

अ‍ॅपच्या काळात यावर कडी झाली. किराणा पोचवणाऱ्या इन्स्टाकार्टवर आणि जेवण पोचवणाऱ्या डोअरडॅशवर असा आरोप झाला की ग्राहकाची टिप हमी दिलेल्या रकमेत जिरवली जाते. ग्राहकाने तीन डॉलर जास्त दिले की कंपनी आपले तीन कमी करी. कामगाराच्या हातात तेवढेच. गाजावाजा झाल्यावर २०१९ मध्ये दोघींनी पद्धत बदलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये डोअरडॅशने न्यूयॉर्क राज्याशी १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड केली. अ‍ॅमेझॉनलाही २०२१ मध्ये चालकांच्या अडवलेल्या टिपेपोटी ६ कोटी १७ लाख डॉलर द्यावे लागले. ग्राहक रायडरच्या हातात पैसे ठेवल्याच्या समाधानात होता आणि ते पैसे कंपनीचं देणं फेडत होते.

आपल्याकडे हा धोका न्यायालयांनी आधीच ओळखला होता. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कामगारांना पाहुण्यांकडून टिप मिळते, तेव्हा मालकाच्या देण्याचा विचार करताना तीही जमेस धरावी, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद न्यायालयाने १९७६ मध्ये मान्य केला नाही. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात प्राप्तिकराच्या निमित्ताने तोच धागा पुढे आला: टिप ग्राहकाच्या खुशीची, मालकाच्या कर्तव्याची नाही, म्हणून ती पगार नव्हे. गोयल यांनी कमाईचा आकडा 'टिप सोडून' सांगितला, हे या अर्थाने योग्यच झालं. तो हिशेब असाच वेगळा राहिला पाहिजे.

१९२८ चं भाषण

हा प्रश्न मराठी माणसाला पडद्यावरच्या बटणामुळे पहिल्यांदा पडलेला नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महार हा सरकारी कामगार. सारावसुलीच्या वेळी बोलावणं, टपाल पोचवणं, अधिकारी आला की त्याची सरबराई, चोवीस तास हजर राहणं, हे सगळं सरकारचं काम. मोबदला मात्र बराचसा रयतेकडून बलुत्याच्या रूपाने यायचा. खळ्यावर धान्याचा वाटा मागायला जायचं, आणि गाव नाराज असेल तर रिकाम्या हाताने परतायचं. महारांनी माणूस म्हणून वागायचं ठरवलं की गाव बलुतं अडवी. आंबेडकरांचं म्हणणं सरळ होतं: काम सरकारचं असेल तर मोबदला सरकारने द्यावा, तो लोकांच्या खुशीवर सोपवू नये. बलुत्याचं रूपांतर पैशात करावं, ते साऱ्याबरोबर वसूल करून सरकारनेच कामगाराला द्यावं, अशी तरतूद त्यांनी सुचवली. विधेयक तेव्हा तडीस गेलं नाही. ती वतनं कायद्याने जायला १९५८ साल यावं लागलं.

बलुत्याला जातीची बेडी होती, जन्माची सक्ती होती. आजचा रायडर अ‍ॅप बंद करून घरी जाऊ शकतो, म्हणून दोन्ही गोष्टी एक मानणं हा त्या इतिहासावर अन्याय होईल. पण त्या भाषणातलं सूत्र, ज्याचं काम त्याने दाम द्यावं, जातीच्या बाहेरही तितकंच खरं आहे.

हैदराबादेत त्याचं उदाहरण रोज सकाळी दारावरून जातं. महापालिकेच्या 'स्वच्छ ऑटो' गाड्या २०१५ च्या सुमारास सुरू झाल्या. चालकालाच गाडीचा मालक करायची योजना, गाडी कर्जावर. घरोघरचा कचरा गोळा करायचा हे शहराचं काम. चालकाची कमाई घरांकडून दरमहा गोळा होणाऱ्या पैशांतून. जे घर देत नाही किंवा बंद असतं, त्याचा कचरा उचलला तरी पैसे नाहीत. दसऱ्याला तोच चालक मामूल मागायला येतो तेव्हा कुणी त्रासिक चेहऱ्याने म्हणतं, 'दर महिन्याला देतोच की!' ते खरंही असतं. मुळात ते आपण का देतो आणि महापालिका का देत नाही, हा प्रश्न दारातल्या घासाघिशीत कधी निघतच नाही.

ऐंशी पैसे

२८ नोव्हेंबर २०२३ ला, विधानसभेच्या प्रचारात, राहुल गांधी हैदराबादेत डिलिव्हरी कामगार आणि ऑटोचालकांना भेटले. काँग्रेस सत्तेवर आल्यावर २३ डिसेंबरला मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर या कामगारांची बैठक घेतली आणि ५ लाखांचा अपघात विमा, राजीव आरोग्यश्रीखाली १० लाखांपर्यंत उपचार अशा घोषणा केल्या. १४ एप्रिल २०२५ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, त्यांनी गिग कामगारांच्या विधेयकाच्या मसुद्याचा आढावा घेऊन तो लोकांच्या सूचनांसाठी खुला करायला सांगितलं. १७ नोव्हेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने विधेयकाला मंजुरी दिली. राजस्थानने असा कायदा देशात पहिल्यांदा जुलै २०२३ मध्ये केला होता, कर्नाटकाने २०२५ मध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत.

तेलंगणाच्या मसुद्यातली मध्यवर्ती कल्पना अशी की कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेच्या १ ते २ टक्के इतकं कल्याणशुल्क कंपनीने भरावं. समजा एका ऑर्डरमागे रायडरला चाळीस रुपये मिळाले. दोन टक्के म्हणजे ऐंशी पैसे. आता टिपेची सरासरी काढू. शंभरातल्या पाच ऑर्डरींवर वीस रुपये मिळाले तर ऑर्डरमागे पडतो एक रुपया. रक्कम जवळजवळ सारखीच. पण टिपेचा रुपया पाच दारांत पडतो आणि पंच्याण्णव दारांत पडत नाही. ऐंशी पैसे प्रत्येक दारात पडतात, चेहरा न पाहता, आणि त्यांच्यासोबत नोंदणी येते: हा माणूस कामगार आहे, अमुक कंपनीसाठी इतकी वर्षं राबला आहे, असा सरकारी दप्तरातला पुरावा. बंजारा हिल्सच्या प्रसंगी ज्याची उणीव भासली, ते हेच.

अर्थात निधी जमला म्हणजे तो पोचला असं नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने जमलेल्या उपकराचा मोठा भाग वर्षानुवर्षं खर्चाविना पडून राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाला सरकारांची कानउघाडणी करावी लागली. शिवाय कल्याणनिधी हा दराला पर्याय नाही. कामाच्या दर्जाचं मोजमाप करणाऱ्या 'फेअरवर्क इंडिया'च्या २०२४ च्या अहवालात दहापैकी सहाच्या वर गुण एकाही कंपनीला नव्हते, आणि कामगारांच्या सामूहिक प्रतिनिधित्वाला मान्यता देण्याचा गुण कुणालाच मिळाला नव्हता. दर कसा ठरतो हे सांगायला कुणी बसतच नाही. रायडरच्या फोनवर रेटकार्ड बदलतं आणि ते त्याला सकाळी लॉगिन केल्यावर कळतं.

टिपेची आणखी एक मर्यादा आहे. ती दिसणाऱ्यालाच मिळते. किराण्याची ऑर्डर आठ-दहा मिनिटांत निघते, ती डार्क स्टोअरमधल्या, म्हणजे ग्राहकांसाठी बंद असलेल्या गोदामातल्या, पिकर-पॅकरमुळे. मांडण्यांच्या अरुंद गल्ल्यांतून हातातल्या यंत्राकडे बघत धावणारी ही मुलंमुली आपल्या दारात कधीच येत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांच्या आग्रहानंतर कंपन्यांनी जाहिरातीतून 'दहा मिनिटं' काढायला सुरुवात केली, तेव्हा रस्त्यावरच्या रायडरबद्दल बरंच बोललं गेलं. गोदामातल्या घड्याळाबद्दल कुणी बोललं नाही. त्यांच्यासाठी पडद्यावर बटणही नाही.

मग द्यायची की नाही?

द्यावी. पण कशी आणि काय समजून, हे ठरवून.

काम झाल्यावर द्यावी. शक्य असेल तर हातात रोख, नाहीतर त्याच्याच फोनवरच्या क्यूआरवर. आधी बटण दाबून गाडीची किंवा पार्सलची बोली लावू नये. पाऊस, मे महिन्याची दुपार, रात्री अकराची वेळ, पाचव्या मजल्यापर्यंत चढवलेला पाण्याचा क्रेट, अशा जादा श्रमाला जादा पैसे हा साधा न्याय आहे. त्यासाठी त्याचं नाव, भाषा किंवा हसणं पाहायची गरज नाही. रोज देणं परवडत नसेल तर न देण्याचा अपराधभाव नको. टिप हे ग्राहकाचं देणं नव्हे, आणि ती न दिल्याने कुणी उपाशी राहत असेल तर दोष त्या दराचा आहे.

पैशाशिवायही बरंच काही आपल्या हातात असतं आणि ते रायडरच्या कमाईत थेट मोजलं जातं. पत्ता नीट टाकला, फोन लगेच उचलला, गेटवर नाव कळवून ठेवलं की त्याची दहा मिनिटं वाचतात. दहा मिनिटं म्हणजे कमाईच्या सरासरीने सतरा रुपये, वीसच्या बटणाच्या जवळपास. दारात कुत्रा असेल तर तो बांधून मग दार उघडावं. उशीर रेस्टॉरंटमुळे झाला तर रेटिंग रायडरचं कापू नये. आणि सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघतो तेव्हा बोलावं. डिलिव्हरीवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये अशा पाट्या या शहरात अनेक फाटकांवर आहेत. पन्नास रुपये टिप देणाऱ्या आणि त्या पाटीखाली सही करणाऱ्या हातांत बरेचदा फरक नसतो.

याहून अवघड काम बिलावर उमटणार आहे. कायदा लागू होईल, कंपन्या तो भार ग्राहकावर ढकलतील, आणि बिलात आणखी एक ओळ वाढेल. तेव्हा 'आता हे काय नवीन?' म्हणून आपण चिडणार. त्या ओळीवर चिडू नये. त्याऐवजी तिचा हिशेब मागावा: किती जमले, कुणाच्या नावावर गेले, अपघातानंतर किती दिवसांत पोचले. प्लॅटफॉर्म फीबद्दल जे आपण कधी विचारलं नाही, ते इथे विचारावं. आमदारापर्यंत, गरज पडली तर ग्राहक मंचापर्यंत.

पोस्त आणि मामूल या चांगल्या रीती आहेत. वर्षातून एकदा, ओळखीच्या माणसाला, सणाच्या आनंदात वाटा म्हणून दिलेले पैसे देणाऱ्यालाही सुखावतात. त्या रीती टिकाव्यात असं वाटत असेल तर पगार वेगळा आणि पुरेसा असायला हवा. तसा तो असेल तरच सणाच्या पैशांना खुशीचे पैसे म्हणता येईल. या दिवाळीला दारात येणाऱ्या मुलाच्या हातावर शंभराची नोट जरूर ठेवावी, लाडवाची पुडीही द्यावी. फक्त त्यानंतर आपण त्याचं काही देणं फेडलं असं समजू नये. त्याचं देणं ज्याच्याकडे आहे, त्याला ते द्यायला लावायचं काम दिवाळीनंतरही शिल्लक आहे.